‘परीक्षेपुरतं लिहा, मानू नका’

पत्राचा सारांश

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वय तिशीच्या आत, कोकणी मुसलमान, पाच वेळची नमाज शक्यतो न चुकवणारे. दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडली की हा पाठ दारातच उभा. गेल्या वर्षी तो शिकवून झाल्यावर एक पालक शाळेत येऊन ‘आमच्या पोरांना माकडाची औलाद म्हणता काय’ असं सुनावून गेले. जुम्म्याच्या नमाजीनंतर मशिदीबाहेरही दोघातिघांनी तोच विषय काढला. यंदा सरांनी वाद नको म्हणून पाठ भराभर उरकला आणि शेवटी वर्गाला सांगितलं, ‘हे परीक्षेपुरतं लिहा, मानू नका.’ तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मग सर, खरं कुठल्या तासाला शिकवणार?’

घरी वेगळीच तऱ्हा. अब्बा तीस वर्षं जहाजावर होते. आता दिवसभर मोबाइलवर ‘डार्विन कसा खोटा’ असले व्हिडिओ बघतात आणि मुलाला पाठवतात. बहिणीचा सात वर्षांचा मुलगा जेवताना म्हणाला, ‘मामू, आदम अलैहिस्सलाम माकड होते का?’ आदम म्हणजे इस्लाममध्ये पहिला माणूस आणि प्रेषित. सगळं ताट गप्प झालं. स्टाफरूममध्ये एक सहकारी चिमटा काढतात, ‘तुमच्यात डार्विन चालतो का हो?’

सर विचारतात: ‘मी विज्ञान सोडू की ईमान, म्हणजे धर्मश्रद्धा? दोन्ही धरून बसणं हा दुतोंडीपणा नाही का? तुम्ही स्वतः मुसलमान आहात, प्राणीशास्त्र शिकवलंत. तुम्ही मनातून काय मानता ते सांगा. गोलमोल नको.’

उत्तर

अस्सलामु अलैकुम, सर.

गोलमोल नको म्हणालात, म्हणून आधी माझं सांगून टाकते. मी उत्क्रांती मानते. बेडकाची, देवमाशाची आणि माणसाच्या शरीराचीही. परीक्षेपुरती नाही. आणि मी नमाजही पढते, तीही लोकांना दाखवण्यापुरती नाही. आदमच्या निर्मितीचा नेमका प्रकार काय होता, हे मला ठाऊक नाही. त्या प्रश्नापाशी मी ‘वल्लाहु आलम’ म्हणते, अल्लाह जाणे, आणि पुढच्या कामाला लागते. हे म्हणायला मला वीसेक वर्षं लागली, तेव्हा तुम्हाला दोन वर्षांत जमलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ‘विज्ञान सोडू की ईमान’ हा प्रश्न तुम्हाला पडला की तुमच्या हातात कोणी दिला? अब्बांना व्हिडिओ पाठवणारा म्हणतो, डार्विन मानला की ईमान गेलं. स्टाफरूममधले सहकारी हसत हसत तेच म्हणतात, फक्त उलट्या बाजूने. दोघांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत आहे: एखाद्या घटनेचं कारण सापडलं की तिथून अल्लाहला उठावं लागतं. मला हे गृहीतकच कच्चं वाटतं.

16 फेब्रुवारी 1980 चं खग्रास सूर्यग्रहण तुमच्या जन्माआधीचं. खग्रास पट्टा खाली कारवारवरून गेला, आमच्याकडे सूर्य पुरता झाकला नाही. तरी भर दुपारी रस्ते ओस पडले होते, दारं-खिडक्या बंद. मी तेव्हा कॉलेजात. आमच्या नानांनी वर्तमानपत्रात छापलेली ग्रहणाची वेळ पेन्सिलने अधोरेखित करून ठेवली होती. ती वेळ झाली तसे ते मनगटावरचं घड्याळ बघून उठले, वुजू केला (नमाजीआधीचं हातपाय-तोंड धुणं) आणि अंगणात आम्हा सगळ्यांना मागे उभं करून ग्रहणाची नमाज, सलात-ए-कुसूफ, पढवली. नमाज झाल्यावर मला म्हणाले, ‘आता ते तुझं पुठ्ठ्याचं भोक दाखव.’ मी पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून जमिनीवर सूर्याची चिमुकली कोर पाडून दाखवली. नाना उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

मला त्या वेळी यात काही विशेष वाटलं नाही. पुढे एमएस्सीला असताना, तुमच्यासारखीच ओढाताण चालू असताना, ते घड्याळ आठवलं. चंद्र कधी आड येणार हे खगोलशास्त्रज्ञांनी गणिताने काढलं होतं, आणि नानांनी त्याच गणितावर नमाजीची वेळ ठरवली होती. कारण कळल्यामुळे त्यांची नमाज रद्द झाली नाही.

ही नानांची एकट्याची अक्कल नव्हती. प्रेषित मुहम्मदांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी ग्रहण लागलं, आणि लोक म्हणू लागले की सूर्यसुद्धा शोकात आहे. त्यावर प्रेषितांनी सांगितलं की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या खुणा आहेत, कोणाच्या मरणा-जन्मासाठी त्यांना ग्रहण लागत नाही. मुलगा गेलेल्या बापाने हे म्हणणं किती कठीण असेल! ही हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची नोंद, तुमच्या अब्बांनाही पाठ असेल. आणि थोर धर्मशास्त्रज्ञ इमाम गझालींनी अकराव्या शतकाच्या अखेरीस, तत्त्वज्ञांच्या खंडनासाठी लिहिलेल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच हाच ग्रहणाचा दाखला घेतला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: ग्रहणाचं गणित पुराव्याने सिद्ध आहे, ते खोडून काढणं हे धर्माचं काम आहे असं समजणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो, कारण गणित जाणणाऱ्याला गणिताची शंका येत नाही, येते ती धर्माची. लक्षात घ्या, हे म्हणणारे गझाली काही तत्त्वज्ञांचे मित्र नव्हते. त्यांना झोडपायलाच बसले होते.

तुमच्या वर्गातल्या त्या मुलीला ‘मानू नका’ ऐकल्यावर शंका कशाची आली असेल, याचा विचार करा.

आणखी घरगुती उदाहरण हवं असेल तर, तुमच्या बहिणीला मुलगा झाला तेव्हा सगळं घर म्हणालं असेल, ‘अल्लाहने दिला.’ सोनोग्राफी झाली होती, तारखा माहीत होत्या, गर्भ कसा वाढतो हे तुम्ही स्वतः शिकवता. कोणी म्हणालं का की एकतर पेशीविभाजन माना नाहीतर अल्लाहची देणगी माना? नऊ महिन्यांच्या घडणीत आपल्याला अडचण वाटत नाही. तीच घडण कोट्यवधी वर्षांची झाली की मात्र आपण दचकतो.

पण मी गोड बोलून तुमची सुटका करणार नाही. माणसाचा प्रश्न बेडकापेक्षा अवघड आहे. कुराणात आदमची कथा आहे, मातीपासून घडवल्याचं आहे, अल्लाहने ‘घडून ये’ म्हटलं आणि तो घडला असं आहे. ‘ही सगळी रूपकं’ म्हणून एका वाक्यात हात झटकणं मला प्रामाणिक वाटत नाही. दुसऱ्या बाजूला पुरावेही हात झटकण्यासारखे नाहीत.

तुम्ही शिक्षक आहात, तेव्हा कॉपीचं उदाहरण घ्या. दोन पेपरांत बरोबर उत्तरं सारखी आली तर आपण म्हणतो, दोघांनी अभ्यास केला असेल. पण दोघांनी सातव्या प्रश्नात तीच स्पेलिंगची चूक, तोच खोडलेला शब्द, तीच गाळलेली ओळ ठेवली असेल तर? बहुतेक सस्तन प्राणी आपलं क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. आपल्याला ते आवळ्यातून, लिंबातून घ्यावं लागतं, कारण ते बनवण्यातला एक जनुक आपल्यात मोडका आहे. मोडका जनुक अजून शरीरात पडून आहे, कामाचा नाही. माकडांत आणि वानरांतही तो मोडका आहे, आणि मोडण्याच्या खुणा जुळतात. चिंपांझीला गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्याला 23. एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तर एरवी टोकांना असणारी रचना त्याच्या मध्यावर सापडते. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून जुळल्याची ती शिवण आहे. हे वाचल्यावर मी ‘पुरावा नाही’ म्हणू शकत नाही. म्हटलं तर पर्यवेक्षक म्हणून मी नालायक ठरेन.

आणि हो, ‘माकडाची औलाद’ हे कोणत्याही पुस्तकात नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता आणि साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, इतकंच म्हणणं आहे. तुमचा चुलतभाऊ तुमचा बाप नसतो.

मग आदमचं काय? इथे मुसलमान विद्वानांत एक मत कधीच नव्हतं. इस्लामी विचारवंत जमालुद्दीन अफगाणींनी 1881 च्या सुमारास आपल्या हैदराबादेत बसून ‘नेचरीं’विरुद्ध, म्हणजे निसर्गनियमांनाच सर्वस्व मानणाऱ्यांविरुद्ध, फारसीत पुस्तक लिहिलं आणि त्यात डार्विनची खिल्ली उडवली. त्यांचा रोख होता तो अलीगढचं कॉलेज काढणाऱ्या सर सय्यद अहमद खानांवर, ज्यांचं म्हणणं असं की अल्लाहची वाणी आणि अल्लाहची करणी यांत विरोध असू शकत नाही. लेबनॉनमधल्या त्रिपोलीचे आलिम (धर्मपंडित) हुसैन अल-जिस्र यांनी 1888 मध्ये सावध भूमिका घेतली: उद्या निर्णायक पुरावा मिळाला तर आयतींचा, म्हणजे कुराणातल्या वचनांचा, अर्थ त्या प्रकाशात लावता येईल. कवी-तत्त्वज्ञ मुहम्मद इकबालांनी तर सरळ लिहिलं की कुराणातली आदमची कथा पृथ्वीवर पहिला माणूस कसा आला याची नाहीच. माणसाला स्वतःची जाणीव आणि निवडीचं स्वातंत्र्य कसं आलं याची आहे. आजचे काही अभ्यासक आणखी वेगळी वाट काढतात. डेव्हिड सॉलोमन जलाजेल यांचा मुद्दा असा की आदमची निर्मिती हा चमत्कार म्हणून जसाच्या तसा माना. पण त्या वेळी पृथ्वीवर आणखी माणसं होती की नव्हती यावर कुराण गप्प आहे, तर तिथे आपणही गप्प राहावं. आणि हे सगळं नाकारणारेही पुष्कळ आहेत, त्यांची संख्या जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

मला स्वतःला इकबालांची वाट ओढते, पण जलाजेल यांच्यातला संयम आवडतो. तुम्ही यातली कुठली निवडावी हे मी सांगणार नाही. एवढंच सांगते की ‘डार्विन मानणारा काफिर’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी आहे, त्यांनी हा दीडशे वर्षांचा वाद उघडूनही पाहिलेला नसतो.

एका खड्ड्यापासून मात्र सावध राहा. आपल्याकडे हल्ली दुसरं टोकही फोफावलंय: ‘हे तर कुराणात आधीच सांगितलंय’, ‘डार्विनने बसऱ्याच्या अल-जाहिजकडून चोरलं’, ‘इब्न खल्दूनने 1377 मध्येच लिहिलं होतं’. नवव्या शतकातल्या अल-जाहिजचा प्राण्यांवरचा ग्रंथ थोर आहे, इतिहासकार इब्न खल्दूनने खनिज, वनस्पती, प्राणी, माकड, माणूस अशी शिडी मांडली हेही खरं. पण त्या शिडीत नैसर्गिक निवड नाही. ती एकेका पायरीचा दर्जा सांगते, वंशावळ सांगत नाही. उसन्या अभिमानावर ईमान उभं केलं की विज्ञानाच्या पुढच्या आवृत्तीत ते हलतं. ‘जमिनीवर फिरा आणि बघा, त्याने निर्मितीला आरंभ कसा केला’ ही कुराणाच्या अन्कबूत या अध्यायातली (सूरहमधली) आयत मला फार प्रिय आहे. तिच्यात मला डार्विन दिसत नाही. ‘फिरा आणि बघा’ हा हुकूम दिसतो, आणि माझ्यासारखीला बेडकांमागे पावसात भटकायला तेवढा पुरतो.

आता शाळा. तुमची खरी चूक पाठ भराभर उरकण्यात नाही, ती दुरुस्त होईल. चूक त्या एका वाक्यात झाली. ‘परीक्षेपुरतं लिहा, मानू नका’ ऐकून पोरं शिकली ती अशी की मोठी माणसं जे मानत नाहीत ते फळ्यावर लिहितात. ते वाक्य वर्गातच मागे घ्या. फार नाट्य नको. तासाच्या सुरुवातीला सांगा, ‘त्या दिवशी मी चुकीचं बोललो. विज्ञानाच्या तासाला मी पुरावे दाखवेन, ते तुम्ही तपासा. कोणी काय मानावं हे मी तपासणार नाही.’ कोणी आदमचं विचारलं तर, ‘तो चांगला प्रश्न आहे, घरी आणि मौलानांना विचार, माझ्यापुरतं सांगायचं तर मी नमाजही पढतो आणि हा पाठही खरा मानतो.’ तिथे थांबा. वर्गात आयतींचा अर्थ सांगत बसू नका. तुमच्यासमोर सगळ्या धर्मांची मुलं आहेत, आणि तुमची नेमणूक त्यासाठी झालेली नाही.

‘खरा मानतो’ म्हणायला आज जीभ वळत नसेल, तर ‘मी अजून विचार करतोय’ म्हणा. तेही खोटं नाही.

पाठाची सुरुवात माणसापासून करू नका. आंबोलीचा बेडूक घ्या. तिथला पिवळा-काळा टोड 2009 मध्ये नवी जाती म्हणून नोंदला गेला. त्याच्या प्रजातीत जगात दोनच जाती, हा एक आणि दुसरा कोयनेचा. दोन्ही आपल्याच सह्याद्रीतले. दोन घाटमाथ्यांवर दोन भावंडं कशी झाली असतील, हे मुलांना विचारा. तोंडं उघडतात की नाही बघा. जॉर्डनमध्ये राना दजानी नावाच्या प्राध्यापिका आहेत, हिजाब घालणाऱ्या, रेणवीय जीवशास्त्राच्या. मुसलमान विद्यार्थ्यांना उत्क्रांती शिकवण्याबद्दल त्यांनी 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं. त्यांच्याही वर्गात पहिल्या दिवशी मुलं चिडतात. म्हणजे हे फक्त तुमच्या गावात घडत नाही.

पालक आले तर एकट्याने भेटू नका. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवा, चहा द्या, पाठ्यपुस्तक उघडून ‘माकडाची औलाद’ कुठे लिहिलंय ते त्यांनाच शोधायला सांगा. मशिदीबाहेर मात्र वाद घालू नका. याला भित्रेपणा समजू नका. 2011 मध्ये लंडनमध्ये उसामा हसन या इमामांनी उत्क्रांतीच्या बाजूने बोलल्यावर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. तुमच्या गावात तसं होईल असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक फाटकापाशी उभं राहून आपलं मत जाहीर करण्याचं बंधन तुमच्यावर कोणी घातलेलं नाही. वर्गात खोटं बोलू नका, एवढं पुष्कळ झालं.

स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांना सांगा, जानेवारी 2018 मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत वैदिक संमेलनाच्या वेळी डार्विन चुकीचा ठरवला होता, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही म्हणून. आणि 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच वगळली गेली, त्याविरुद्ध 1800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या केल्या. हा आजार एका घराचा नाही. हसत सांगा, तेही हसत विचारतात.

राहिले अब्बा. त्यांच्या व्हिडिओला उलट व्हिडिओ पाठवू नका, त्यात दोघंही थकाल. ते तीस वर्षं दर्यावर होते. त्यांना विचारा, देवमासा वर येऊन फवारा का सोडतो? त्यांनी पाहिलेला असणार. माशाला कल्ले असतात, याला फुप्फुसं का? याची पिल्लं दूध का पितात? याच्या अंगात मागच्या पायांची हाडं कशाला शिल्लक आहेत? मग सांगा की देवमाशाच्या पाय असलेल्या पूर्वजांचे जीवाश्म पाकिस्तानात आणि आपल्या कच्छात सापडलेत, काही तर पाच कोटी वर्षांपूर्वीचे. बोलू द्या त्यांना. त्यांना समुद्र तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

आणि चहा रंगला तर आणखी एक गंमत सांगा. असल्या व्हिडिओंतले बरेच मुद्दे ज्या तुर्की लेखकाकडून आले, त्याने 2007 च्या सुमारास एक भलंथोरलं चकचकीत पुस्तक युरोपातल्या शाळांना फुकट पाठवलं होतं. जीव कोट्यवधी वर्षांत अजिबात बदलले नाहीत हे दाखवायला त्यात जीवाश्मांशेजारी आजच्या प्राण्यांचे फोटो. त्यातला एक ‘किडा’ म्हणजे मासे पकडायला बनवलेलं नकली आमिष होतं. फोटोत गळाचा आकडा स्पष्ट दिसतो. गळ ओळखायला अब्बांना प्राणीशास्त्राची पदवी लागणार नाही.

भाच्याला मात्र ताटावर गप्प करू नका, सात वर्षांच्या पोराला ती शांतता फार मोठी वाटते. त्याला सांगा, ‘नाही रे, आदम अलैहिस्सलाम माकड नव्हते. त्यांना अल्लाहने सगळ्या वस्तूंची नावं शिकवली होती. चल, तुला किती येतात बघू.’ आणि त्याला परसात न्या. पावसाळा आहे, बेडूक भरपूर असतील.

तुम्ही दुतोंडी आहात का, असं विचारलंत. दुतोंडी माणूस वर्गातल्या एका मुलीच्या प्रश्नाने महिनाभर झोप घालवून चार पानी पत्र लिहीत नाही. ‘खरं कुठल्या तासाला शिकवणार’ या प्रश्नाला तिला अजून उत्तर मिळालेलं नाही, आणि गणपतीची सुट्टी जवळ आली आहे. सुट्टीच्या आधीचा तास गाठा. मग ती काय म्हणाली, ते मला कळवा.